फळ्यावरचा आकडा

पिंगळीच्या रेल्वे स्टेशनापासून आत, कापसाच्या रानांतून जाणाऱ्या रस्त्यावर एक कनिष्ठ महाविद्यालय होते. 'होते' म्हणताना थोडे जपून म्हणावे लागते. शासनदरबारी ते निःसंशय होते: विज्ञान शाखा, मंजूर तुकड्या, भरलेली पदे, डोळ्यांत भरणारी हजेरी. प्रत्यक्षात तिथे इमारतीपेक्षा लांब वाटावी अशी एक पाटी होती, पाटीमागे पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि हजेरीपटावर उपस्थित असलेली मुले त्या वेळी लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत बसून डॉक्टर होण्याची तयारी करत होती. याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. मुलांचा वेळ वाचत होता, संस्थेचे अनुदान वाचत होते आणि शिक्षकांचे श्रम वाचत होते. खर्ची पडत होती ती फक्त विद्या, आणि तिच्या वतीने तक्रार करायला कुणी येत नसते.

अशा ठिकाणी एका गुरुवारी सकाळी महारुद्र जाऊन उभा राहिला आणि प्रयोगशाळा कुठे आहे, असे विचारू लागला.

शिपाई लिंबाजी ओट्यावर शेंगा सोलत बसला होता. त्याने मान वर केली. समोर तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, मिशी नीट कापलेला गृहस्थ.

"कुणाला भेटायचंय?"

"भेटायचं न्हाई. प्रॅक्टिकलला आलोय."

"पोराचं नाव सांगा."

"मीच पोरगा. बारावी सायन्स."

लिंबाजीने हातातली शेंग खाली ठेवली. "तुमी? आन् प्रॅक्टिकलला?" तो हसला, मग हसणे आवरून बारीक डोळ्यांनी बघू लागला. "आवो, इथं प्रॅक्टिकलला कोन येतंय? परीक्षेच्या दिवशी या. सगळं होतंय."

"वेळापत्रकात आज केमिस्ट्री हाय."

"वेळापत्रक हाय ना. आमी कुठं न्हाई म्हनलो?"

प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप होते आणि कुलपावर कोळ्याचे जाळे. महारुद्रने खिशातून मोबाईल काढला आणि त्या कुलपाचा फोटो घेतला. आपण आलो होतो याचा पुरावा असावा, एवढाच त्याचा हेतू. पण त्या संस्थेच्या हयातीत तिथल्या कुलपाचा फोटो कुणी घेतला नव्हता. संध्याकाळपर्यंत ही खबर सचिव बन्सीधररावांच्या वाड्यावर पोहोचली.

महारुद्र जिंतूरच्या एका खासगी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. त्या धंद्यात माणूस संशयखोर होतो. नाही झाला तर फसतो. 'घसरून पडला' असे सांगून गाडीत घातलेल्या माणसाच्या पाठीवर काठीचे वळ असतात, 'इथंच हाय, वळणावर' म्हटलेले घर दोन ओढे ओलांडून येते, आणि फोनवर सर्वांत मोठ्याने रडणारा नातेवाईक परभणीला पोहोचेपर्यंत गायब झालेला असतो. गाडीच्या मागच्या भागात रुग्णाजवळ बसून जे करायचे, ते करण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार आपत्कालीन सेवेची पदविका घेतलेल्यांचा. पदविकेला बारावी विज्ञान लागते, आणि महारुद्र बारावी होता तो कला शाखेचा. म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याने अकरावीला नव्याने नाव घातले. रोज हजेरी मागणारी महाविद्यालये नोकरीच्या माणसाला परवडणारी नव्हती. या महाविद्यालयाची त्याने निवड केली ती इथे कुणी यावे अशी अपेक्षा नव्हती म्हणूनच. म्हणजे सोयीच्या दारातून तोही आत आला होता. हे तो कुणाजवळ बोलत नसे, पण विसरलेलाही नव्हता.

पुस्तकी भाग त्याने गाडीतच उरकला. रुग्णाला परभणीत उतरवले की कागदपत्रे होईपर्यंत पोर्चमध्ये थांबावे लागे. तेवढ्यात स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून तो मूलद्रव्यांचे गुणधर्म घोकत असे. तिथेच त्याला दुसऱ्या गाडीवरच्या माणसाकडून कळले की पदविकेच्या संस्थेने यंदा नवी पद्धत काढली आहे. असल्या महाविद्यालयांतून आलेल्या उमेदवाराला मुलाखतीत सरळ प्रयोगाच्या मेजापुढे उभे करतात. पालमकडच्या दोघांना ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची ती काचेची नळी, हातात कशी धरायची ते माहीत नव्हते. दोघेही दारातून परत आले, आणि येताना प्रयोगाला मिळालेले भरघोस गुण छापलेली गुणपत्रिकाही सोबत घेऊन आले. महारुद्रने पुस्तक मिटले. त्यानंतरचा गुरुवार हा वर सांगितलेला.

दुसऱ्या खेपेला ओट्यावर शेंगांची टरफले नव्हती. अंगणात सडा होता. लिंबाजीने अदबीने नमस्कार केला, आणि बन्सीधरराव स्वतः पायऱ्या उतरून आले.

"या, या सा..." ते मध्येच थांबले. "या महारुद्रजी. बसा. पंखा लाव रे."

खुर्ची आली. पोहे आले. कपबशीतून चहा आला. महारुद्रने पोह्यांकडे पाहिले आणि त्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली. ज्या संस्थेने विद्यार्थ्यांना कधी पाणी पाजले नव्हते, ती पोहे का खाऊ घालते?

"सर, मला प्रॅक्टिकल..."

"हो तर! त्याच्यासाठीच हाय की सगळं. काशीनाथ सर वाट बघायलेत तुमची. आमच्याकडं प्रॅक्टिकलला लय मान हाय. मागच्या गुरुवारी कुलूप होतं ते..." बन्सीधररावांनी हात जोडल्यासारखे केले. "किल्ली सोनाराकडं होती."

"सोनाराकडं?"

"डुप्लिकेट करायला हो."

प्रयोगशाळेचे दार उघडे होते. फरशी धुतलेली होती, बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या होत्या, आणि बाकांवर चांगली गर्दी होती. त्यातल्या एकाला मेंढरे हाकताना महारुद्रने येताना रस्त्यात पाहिले होते; आता तो शर्टाची बटणे लावून परीक्षानळीकडे भक्तिभावाने बघत होता. महारुद्र एका मोकळ्या मेजाशी जाऊन उभा राहिला. हे नाटक आहे हे त्याला कळले. ते कुणासाठी चालले आहे, हे मात्र कळले नाही. ते आपल्यासाठी असेल, हा विचार कोणत्याही शहाण्या ड्रायव्हरच्या मनात येणे शक्य नव्हते.

फळ्याजवळ काशीनाथ सर उभे होते. उंच, वाळलेले, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पोह्यांची चौकशी केली नाही.

"ही ब्युरेट. हिची तोटी डाव्या हाताने फिरवायची."

"उजव्यानं सोपं जाईल, सर."

"सोपं जाणारं सगळं बाहेर चालतं. इथे डाव्या हाताने."

असे ते सुरू झाले. गुरुवारी महारुद्रची सुटी नसे. तो दिवस मोकळा करण्यासाठी सूर्यभान नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरशी त्याने पाळ्यांची अदलाबदल केली होती. सूर्यभानचे सगळे रविवार त्याने अंगावर घेतले होते. सूर्यभानला हा व्यवहार फायद्याचा होता, आणि म्हणूनच संशयास्पद.

"खरं सांग गड्या, दुसऱ्या दवाखान्याची गाडी धरलीस का?"

"शिकायला जातो."

"ह्या वयात? काय शिकायलास?"

"मिठाचं पृथक्करण."

सूर्यभानने हात झटकला. "सांगायचं नसंल तर नको सांगू. पन असलं काईबाई तरी बोलू नको."

घरी राजेश्रीने वेगळा मार्ग काढला. तिने काहीच विचारले नाही; फक्त गुरुवारी धुवायला आलेल्या शर्टाचा वास घेतला. वास आला तो कुजलेल्या अंड्यांचा. कोणतीही बाई असला वास लावून हिंडणार नाही, एवढे तिला पटले, आणि नवऱ्याचा खुलासा निदान त्या अंगाने तिने मान्य केला.

"पन त्या सरांचं तुमच्यावर एवढं काय ऊतू चाललंय?" ती म्हणाली. "फुकट कोन शिकवतंय आजकाल?"

हा प्रश्न महारुद्रच्या मनातही ठाण मांडून होता. काशीनाथ सर शिकवत ते प्रेमाने नव्हे. त्यांच्या शिकवण्यात एक थंड राग होता. वर्षानुवर्षे बंद खोलीत राहिल्यावर एखाद्या विषयाला माणसांचा जसा राग येईल तसा. चूक झाली की ते ओरडत नसत. द्रावण मोरीत ओतून टाकत आणि म्हणत, "पुन्हा." गावातून आणलेली मुले कंटाळून एकेक करून गळाली, सरांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या मोकळ्या खोलीत उरले ते दोघे, आणि दाराच्या फटीतून डोकावणारा लिंबाजी.

हा माणूस शेवटी आपल्याकडून काय काढून घेणार, याचा महारुद्र प्रत्येक गुरुवारी अंदाज बांधत असे.

दिवाळीनंतर लिंबाजी परभणीला नातेवाईकाला बघायला गेला असताना त्याने सरकारी दवाखान्याच्या पोर्चमध्ये महारुद्रला पाहिले. अंगात निळा गणवेश, हातात स्ट्रेचरची एक बाजू. दोघांची नजरानजर झाली. ही बातमी घेऊन तो धावतच बन्सीधररावांकडे गेला असणार, आणि पुढच्या गुरुवारी आपली खुर्ची पंख्याखालून हललेली असेल, असे महारुद्रला वाटले. खुर्ची हलली नव्हती. उलट शेजारी दुसरी आली होती, आणि तिच्यात बन्सीधरराव होते.

"डायवरचा डरेस लय शोभून दिसतो म्हनं तुमाला."

"मी डायवरच हाय, सर."

"बरोबर हाय." बन्सीधररावांनी डोळा बारीक केला. "तुमी तसंच सांगनार."

"खरंच हाय. जिंतूरला. विचारा कुणालाबी."

"विचारलं ना. तिथं बी तसंच सांगायलेत. बंदोबस्त चोख ठेवलाय तुमी लोकांनी." ते पुढे झुकले. "आमाला फक्त एवढंच म्हनायचंय, पथकानं अहवाल लिहिताना प्रॅक्टिकल चालू होतं ते बी लिहावं. डोळ्यानं बघितलंय तुमी."

तेव्हा कुठे महारुद्रला पोह्यांचा उलगडा झाला. शिक्षण खात्याचे भरारी पथक वेष पालटून हिंडते आहे, आणि तो वेष आपण आहोत! त्याने पुन्हा नाकारले, शपथ घेतली, मोबाईलमधले रुग्णवाहिकेशेजारचे फोटो दाखवले. प्रत्येक नकारासरशी बन्सीधररावांची खात्री वाढत गेली. खरा अधिकारी कधी कबूल करतो का? ज्या माणसाने आयुष्यभर खोटी हजेरी खरी म्हणून खपवली, त्याच्यापुढे खरी हजेरी खोटीच ठरणार होती.

बाहेर येऊन महारुद्रने गोष्ट काशीनाथ सरांना सांगितली.

"मग?" सर म्हणाले.

"मग म्हंजी? उद्या कळलं की मी साधा मानूस हाय, तर मला हाकलतील."

"हाकलतील. तोवर पोटॅशियम परमँगनेट संपलंय, ते मागवून घ्या. तुम्ही मागितलं की येतं."

उत्तर देण्याची ही तऱ्हा महारुद्रला अजिबात आवडली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयाला जिवंतपणा आला. लातूर-नांदेडहून गाड्या भरभरून मुले आली. त्यांतल्या अनेकांना आपले महाविद्यालय कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे त्या दिवशी कळले. बाहेरून आलेले परीक्षक दहा वाजता पोहोचले आणि तडक बन्सीधररावांच्या वाड्यावर जेवायला गेले. परीक्षकाला मटणाचा पाहुणचार, ही त्या भागातली इतकी जुनी रीत की परीक्षेला उशीर झाला तर लोक रश्शाला दोष देत, परीक्षकाला नाही.

काशीनाथ सरांनी फळ्यावर सारणी आखली आणि वाचनाच्या रकान्यात, म्हणजे किती मिलिलिटर द्रावण लागले तिथे, आकडा लिहिला: ९.८. मुलांनी तो उतरवून घेतला. ब्युरेटला कुणी हात लावला नाही. काहींनी तिच्यासोबत फोटो मात्र घेतले.

महारुद्रने फळ्याकडे पाहिले. म्हणजे हेही तसलेच. वर्षभर डाव्या हाताने तोटी फिरवायला लावणारा माणूस परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना तयार आकडा वाटतो. तो मागच्या मेजाशी गेला, ब्युरेट जांभळ्या द्रावणाने भरली आणि थेंब थेंब सोडू लागला. खालच्या फ्लास्कमधल्या बिनरंगी द्रावणावर फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली. त्याने पातळी वाचली. १०.६.

म्हणजे फळा खोटा होता.

त्याने दुसऱ्यांदा केले. ९.८ आले. त्याने डोळे चोळले. तिसऱ्यांदा केले, पुन्हा ९.८. वर्षभर जी दोन वाचने जुळतील ती घ्यायची, असेच त्याला शिकवलेले होते. पण महारुद्र आता नियमाच्या पलीकडे गेला होता. फळ्यावरचा आकडा एकदा डोळ्यांत गेला की हात तिकडेच झुकणार, असा त्याने तर्क लढवला. पहिल्या खेपेला हात मोकळा होता. पुढच्या दोन्ही खेपांना मीच मला फसवले. साक्षीदाराची पहिली जबानी खरी असते. मागून तो शिकवलेले बोलतो. पोलीस ठाण्याच्या दारात गाडी लावून ऐकलेले हे शहाणपण त्याने रसायनशास्त्राला लावले, आणि उत्तरपत्रिकेत लिहिले: १०.६.

काशीनाथ सर मेजांमधून फिरत त्याच्यापाशी आले. त्यांनी कागद पाहिला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"हेच देणार?"

"माझं हाय ते हेच हाय."

"सगळ्यांहून वेगळं आहे."

"म्हनूनच."

सर पुढे गेले. महारुद्रने पेपर दिला आणि बाहेर कडुनिंबाखाली उभा राहिला. आता काय होईल ते त्याला दिसत होते. परीक्षकाला एकच कागद वेगळा दिसणार. तो विचारणार. मग एकतर हा एक नापास, नाहीतर बाकी सगळे. आणि या दोहोंत काय होते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पदविकेचे दार बंद. गुरुवारांच्या बदल्यात दिलेले ते सगळे रविवार गेले. सूर्यभान आयुष्यभर हसणार. तरीही त्याने कागद परत मागितला नाही.

परीक्षक जेवून आले. ते तृप्त होते. त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला, आणि न उघडता गुणपत्रकावर वरपासून खालपर्यंत एकच आकडा लिहीत गेले: तीसपैकी अठ्ठावीस. महारुद्रच्या नावापुढेही अठ्ठावीस. सह्या झाल्या. गाड्या धूळ उडवत गेल्या. बन्सीधररावांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून, "अहवालाचं ध्यानात ठेवा," असे म्हटले आणि तेही गेले.

महारुद्र मोकळ्या प्रयोगशाळेत परत आला. नापास होण्याची त्याने तयारी केली होती. न वाचले जाण्याची केली नव्हती.

"सर, तेवढं बघा तरी. परीक्षकानं उघडलं न्हाई."

काशीनाथ सरांनी गठ्ठ्यातून त्याचा कागद आधीच काढून ठेवला होता. "चुकलंय," ते म्हणाले.

"फळ्यावरचं चुकलंय."

"फळ्यावरचं मी आज सकाळी केलं. कुलूप उघडून, एकट्याने, तीन वेळा. लिंबाजी साक्षीला आहे, तुम्हाला साक्षीदार लागतात म्हणून सांगतो." त्यांनी ब्युरेटच्या टोकाकडे बोट केले. "पहिल्या खेपेला तोटीखाली हवेचा बुडबुडा होता. भरल्यावर थोडं सोडून तो काढायचा असतो. तुम्ही नाही काढला. द्रावणाने आधी ती जागा भरली, ते तुमच्या वाचनात मोजलं गेलं. दुसऱ्या-तिसऱ्याला बुडबुडा नव्हता. दोन्ही जुळली. आणि तुम्ही पहिलं लिहिलं?"

"फळ्यावरचं होतं म्हनून..."

"म्हणून खोटं?"

महारुद्र वाकून ब्युरेटच्या टोकाकडे पाहू लागला.

"बाकीच्यांनी न करता खरं लिहिलं. तुम्ही करून खोटं लिहिलंत. दोघांना अठ्ठावीस." सरांनी चष्मा काढला. दोरा सुटला होता. तो ते पुन्हा बांधू लागले. "एवढी रसायनं इथे कशी आली असं वाटतं तुम्हाला? मी नोकरीला लागल्यापासून अर्ज करत होतो. तुम्ही कुलपाचा फोटो घेतलात तेव्हा मी शेजारच्या खोलीच्या दारात होतो, आणि संध्याकाळी मी बन्सीधररावांना सांगून आलो, माणूस पथकातला दिसतो. तुम्ही ड्रायव्हर आहात हे तुमच्या बोटांवरचं ग्रीस बघूनच कळलं होतं."

महारुद्रने बोटांकडे पाहिले. वर्षभर तो विचारत होता की हा माणूस काय काढून घेणार. काढून घेण्यासारखे जे होते ते सरांनी पहिल्याच दिवशी घेतले होते: महारुद्रची पांढऱ्या शर्टातली एक छबी. राग यावा की नाही, हे त्याला ठरवता आले नाही.

"मुलाखत केव्हा आहे?"

"जूनमधी."

"तिथे फळा नसेल. गठ्ठाही नसेल." सरांनी ब्युरेट मोरीवर रिकामी केली. "पुन्हा."

खिशातला फोन वाजला. सूर्यभान होता. "आरं कुठं हाईस? माझी पाळी संपली, चारठाण्याचं पेशंट घरी सोडायचंय."

"तासभर थांब."

"तासभर? कुनासाठी?"

"मिठासाठी," महारुद्र म्हणाला आणि फोन बंद केला.

त्याने ब्युरेट भरली. आकडा दोघांनाही ठाऊक होता, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो थांबला. काशीनाथ सरांच्याही आले असावे. त्यांनी खालच्या द्रावणाची बाटली उचलली, पाठ फिरवली, तिच्यात बिनमापाचे ऊर्ध्वपातित पाणी ओतले आणि ती हलवून परत मेजावर ठेवली.

"आता मलाही माहीत नाही."

महारुद्रने तोटी उघडून थोडे द्रावण सोडले. टोकातून बुडबुडा सुटला आणि गेला. मग डावा हात तोटीवर आणि उजवा फ्लास्कवर ठेवून त्याने सुरुवात केली. जांभळा थेंब पडे आणि विरे. पडे आणि विरे. एक थेंब पडला आणि विरला नाही.

"मोठ्याने बोलू नका," सर म्हणाले. "लिहा."

त्याने लिहिले. सरांनी गुडघे वाकवून डोळा पातळीला आणला आणि आपल्या कागदावर वेगळे लिहिले. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा तसेच. मग दोघांनी आपापले कागद पालथे मेजावर ठेवले, आणि आधी कुणी उलटायचा यासाठी दोघेही थोडा वेळ थांबले; सवय अशी एकाएकी जात नाही. शेवटी महारुद्रने आपला उलटला.

काशीनाथ सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकेक ओळ बोटाने जुळवत खालपर्यंत गेले; बोट कुठे अडले नाही.

"ब्युरेट धुऊन ठेवा," ते म्हणाले, आणि कुलूप शोधायला लागले.